हाताच्या धमनीचा ॲन्युरिझम: शस्त्रक्रियेची नोंद वाचून कोड कसा ठरवावा

हाताच्या धमनीवरील ॲन्युरिझमची, म्हणजे धमनीच्या फुगवट्याची, शस्त्रक्रिया कोडरच्या (वैद्यकीय नोंद वाचून बिलासाठी कोड लावणाऱ्याच्या) हाती वारंवार येत नाही. पोटातल्या महाधमनीचे आणि गुडघ्यामागच्या पॉप्लिटिअल धमनीचे फुगवटे त्याहून पुष्कळ अधिक आढळतात. त्यामुळे हाताचा चार्ट उघडणाऱ्या नवशिक्याला सवयीचा आधार नसतो आणि नोंदीच्या शीर्षकातला पहिला ओळखीचा शब्द शोधून तो कोड लावून मोकळा होतो. हा लेख अमेरिकी बिलिंगचे नियम नव्याने शिकणाऱ्यांसाठी आहे. या शस्त्रक्रियेचा कोड तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतो: धमनी कोणती, छेद कुठून घेतला आणि फुगवटा फुटलेला होता का. ही तिन्ही उत्तरे शीर्षकात क्वचितच पूर्ण सापडतात. ती नोंदीच्या मजकुरात शोधावी लागतात.

पहिली पायरी: धमनीचे नाव निश्चित करणे

छातीतून निघालेली सबक्लेव्हियन धमनी पहिल्या बरगडीच्या बाहेरच्या कडेशी पोहोचली की तिचे नाव ॲक्झिलरी होते. काखेतून पुढे टेरिस मेजर स्नायूची खालची कड ओलांडली की तीच ब्रेकियल धमनी होते. ती दंडाच्या आतल्या बाजूने कोपरापर्यंत उतरते आणि कोपराच्या किंचित खाली तिचे रेडियल व अल्नर असे दोन फाटे होतात. अंगठ्याच्या बाजूला रेडियल, करंगळीच्या बाजूला अल्नर, आणि तळहातात दोन्हींच्या कमानी एकमेकींना मिळालेल्या असतात. नळी एकच असली तरी नाव बदलले की कोडही बदलतो, म्हणून या सीमा पाठ असाव्यात.

फुगवटा का आला हेही याच टप्प्यावर पाहून ठेवावे, कारण निदानाचा कोड पुढे त्यावरच अवलंबून असतो. खऱ्या ॲन्युरिझममध्ये धमनीच्या भिंतीचे तिन्ही थर फुगलेले असतात. खोट्या ॲन्युरिझममध्ये, म्हणजे स्यूडोॲन्युरिझममध्ये, भिंतीला भोक पडलेले असते आणि बाहेर आलेले रक्त आजूबाजूच्या ऊतींनी अडवून धरलेले असते. कुबड्यांचा वर्षानुवर्षे दाब पडल्याने ॲक्झिलरी धमनीला इजा होऊ शकते. ब्रेकियल धमनीत कॅथेटरची सुई, शिरेऐवजी धमनीत गेलेले इंजेक्शन किंवा भोसकल्याची जखम ही स्यूडोॲन्युरिझमची नेहमीची कारणे आहेत. रेडियल धमनीत मनगटातून केलेली हृदयतपासणी किंवा रक्तदाब मोजण्यासाठी घातलेली नळी कारणीभूत ठरते. अल्नर धमनीची गोष्ट वेगळी आहे. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याने सतत ठोकाठोक करणाऱ्या कामगारांमध्ये ही धमनी मनगटातल्या हॅमेट हाडाच्या आकड्यावर आपटत राहते आणि तिथे फुगवटा किंवा गुठळी होते. या विकाराला हायपोथेनर हॅमर सिंड्रोम म्हणतात.

रुग्ण बहुधा ठोके लागणारी गाठ घेऊन येतो. कधी फुगवट्यातली गुठळी सुटून बोटांत अडकते आणि बोटे थंड व निळी पडतात. ब्रेकियल धमनीला लागूनच मीडियन नर्व्ह ही मज्जातंतूची दोरी असल्याने कधी हाताला मुंग्या येतात. डुप्लेक्स सोनोग्राफीने निदान होते आणि शस्त्रक्रियेची आखणी बहुधा सीटी अँजिओग्राफीवर केली जाते. मनगटाजवळच्या शस्त्रक्रियेआधी ॲलन चाचणी करून दुसरी धमनी एकटी हात जगवू शकेल का, हे पाहतात.

दुसरी पायरी: शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर आणणे

कोडरने शस्त्रक्रिया स्वतः करायची नसली तरी तिचा क्रम ठाऊक असल्याशिवाय कोणते काम मूळ कोडमध्ये सामावलेले आहे आणि कोणते वेगळे आहे, हे सांगता येत नाही.

हात शरीरापासून बाजूला पसरून ठेवला जातो. ग्राफ्ट, म्हणजे धमनीच्या जागी बसवायचा नळीचा तुकडा, लागण्याची शक्यता असेल तर एक पायही जंतुनाशकाने स्वच्छ करून तयार ठेवतात, कारण सॅफेनस शीर तिथून घ्यायची असते. दंडाच्या आतल्या बाजूला बायसेप्सच्या कडेने छेद घेऊन प्रथम फुगवट्याच्या वरची आणि मग खालची धमनी मोकळी केली जाते आणि तिच्याभोवती रबरी दोऱ्या फिरवल्या जातात. नोंदीत याला वरचा आणि खालचा ताबा म्हणजे प्रॉक्सिमल व डिस्टल कंट्रोल म्हटलेले असते. ताबा मिळण्याआधी फुगवट्याला हात लावला तर रक्तस्राव आवरत नाही, म्हणून नोंदीत हा भाग सविस्तर लिहिलेला असतो. मीडियन नर्व्ह हलकेच बाजूला घेतली जाते, शिरेतून हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिले जाते आणि क्लॅम्प लावले जातात.

यानंतर मार्ग वेगळे होतात. भोक लहान असेल तर ते टाके घालून बंद करतात किंवा त्यावर शिरेचा तुकडा ठिगळासारखा बसवतात. फुगलेला भाग कापून काढल्यावर दोन्ही टोके ताणाशिवाय जुळत असतील तर ती थेट जोडतात. जुळत नसतील तर मध्ये शिरेचा ग्राफ्ट बसवतात. शिरेत झडपा असतात आणि त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून ग्राफ्ट उलटा करून बसवावा लागतो. नोंदीत 'रिव्हर्स्ड' हा शब्द येतो तो यासाठीच. जंतुसंसर्ग झालेला असेल तर मृत ऊती साफ करून धमनी बांधून टाकतात आणि गरज पडल्यास स्वच्छ जागेतून बायपास काढतात. शेवटी क्लॅम्प सोडून मनगटाशी डॉप्लरने प्रवाह तपासतात.

तिसरी पायरी: सीपीटी कोड

शल्यचिकित्सकाचे बिल सीपीटी कोडने होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची ही संहिता पहिल्यांदा १९६६ मध्ये निघाली आणि तिची नवी आवृत्ती दर वर्षी १ जानेवारीपासून लागू होते. ॲन्युरिझमच्या थेट दुरुस्तीचे कोड ३५००१ पासून सुरू होतात. हातासाठी त्यांतले तीन मुख्य आहेत. दंडावरच्या छेदातून ॲक्झिलरी किंवा ब्रेकियल धमनीची दुरुस्ती केली असेल तर ३५०११; त्याच धमनीचा फुगवटा फुटलेला असेल तर ३५०१३; आणि रेडियल किंवा अल्नर धमनी असेल तर ३५०४५.

सबक्लेव्हियन धमनी मानेवरच्या छेदातून दुरुस्त केली असेल तर ३५००१ आणि फुटलेली असेल तर ३५००२ लागतो. तीच धमनी छाती उघडून दुरुस्त केली असेल तर ३५०२१ आणि फुटलेली असेल तर ३५०२२. धमनी एकच असूनही छेदाची जागा कोड बदलते, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी. ॲक्झिलरी धमनीच्या सुरुवातीच्या भागाकडे शल्यचिकित्सक कॉलर बोनच्या खालून जातो. हा छेद मानेचाही नाही आणि दंडाचाही नाही, त्यामुळे असा चार्ट आला की स्वतःच्या मनाने निर्णय न घेता तो वरिष्ठांपुढे ठेवावा.

आता ही वर्णने वाचायची कशी ते पाहू. सीपीटीमध्ये अर्धविरामाच्या आधीचा मजकूर त्या कुळातल्या सगळ्या कोडना लागू असतो, आणि पुढच्या कोडांखाली फक्त अर्धविरामानंतरचा भाग छापलेला असतो. ३५०११ च्या स्वतःच्या भागात 'ॲन्युरिझम आणि त्यासोबतचा अडथळा' एवढेच लिहिलेले आहे, स्यूडोॲन्युरिझमचा उल्लेख नाही. ३५०४५ च्या भागात मात्र तो आहे. हे पाहून ब्रेकियल धमनीच्या स्यूडोॲन्युरिझमला ३५०११ चालत नाही, असा निष्कर्ष काढणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण अर्धविरामाच्या आधीच्या सामायिक भागात स्यूडोॲन्युरिझम स्पष्टपणे आलेला आहे. त्याच भागात 'ग्राफ्ट बसवणे' आणि 'ठिगळासह किंवा ठिगळाविना' हे शब्दही आहेत. म्हणून टाके घालून केलेली दुरुस्ती, ठिगळ आणि शिरेचा ग्राफ्ट या तिन्हींना एकच कोड लागतो. शल्यचिकित्सकाने अधिक श्रम केले म्हणून अधिक मोठा कोड मिळेल, अशी आशा येथे उपयोगाची नाही.

दुसरा सापळा 'फुटलेला' या शब्दाचा आहे. स्यूडोॲन्युरिझममध्ये भिंतीला भोक असतेच, म्हणून तो फुटलेलाच आहे असे समजून ३५०१३ लावला जातो. पण रक्त ऊतींनी अडवलेले असेल तोवर तो स्यूडोॲन्युरिझमच होय. ३५०१३ साठी शल्यचिकित्सकाने फुगवटा फुटल्याचे स्वतः नोंदवलेले असावे लागते. 'कंटेन्ड रप्चर' असा संदिग्ध शब्दप्रयोग दिसला तर शल्यचिकित्सकाला क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवावी. अंदाजाने ठरवू नये. रेडियल आणि अल्नर धमन्यांसाठी फुटलेल्या फुगवट्याचा वेगळा कोड मुळात अस्तित्वातच नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

नोंदीतल्या काही कामांचे वेगळे कोड मोहात पाडतात, पण ती मूळ कोडमध्येच मोडतात. धमनीच्या शस्त्रक्रियांबद्दलच्या सीपीटीच्या सूचनांनुसार रक्ताचा आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह प्रस्थापित करणे, मग ते कोणत्याही उपायाने असो, मुख्य प्रक्रियेत समाविष्ट आहे. शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेदरम्यान केलेला अँजिओग्रामचा भागही त्यात येतो. या कुळासाठी आणखी एक टीप आहे, ती अशी की जोडणीसाठी धमनी तयार करणे आणि त्यात करावी लागणारी एन्डार्टरेक्टमी (धमनीच्या आतला साचलेला थर खरवडून काढणे) हेही वेगळे धरायचे नाही. हात बराच वेळ रक्ताविना राहिला म्हणून अग्रबाहूच्या स्नायूंची आवरणे उघडावी लागली असतील, तर ते मात्र स्वतंत्र काम आहे आणि त्याला २५०२० किंवा २५०२४ यांसारखा कोड लागतो: पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच कप्पा उघडला तर पहिला, दोन्ही उघडले तर दुसरा. अल्नर धमनीच्या शस्त्रक्रियेत ६९९९० हा मायक्रोस्कोपचा कोड जोडण्याआधी चष्म्याला लावलेली भिंगे आणि ऑपरेटिंग मायक्रोस्कोप यांतला फरक नोंदीत पाहावा. भिंगांसाठी हा कोड चालत नाही, आणि मायक्रोस्कोप वापरला असला तरी मेडिकेअर ही अमेरिकी सरकारी विमा योजना तो मोजक्याच मूळ कोडांसोबत मान्य करते.

थेट दुरुस्ती नसलेले प्रकारही ओळखता आले पाहिजेत. सोनोग्राफीत पाहून स्यूडोॲन्युरिझममध्ये थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे औषध टोचले असेल तर ३६००२. आतून आवरणयुक्त स्टेंट बसवला असेल तर ३७२३६. धमनी फक्त बांधून टाकली असेल तर ३७६१८. ताज्या जखमेत ॲन्युरिझम नसताना कापलेली धमनी शिवली असेल तर ३५२०६, शिरेचा ग्राफ्ट वापरून दुरुस्त केली असेल तर ३५२३६ आणि कृत्रिम ग्राफ्ट असेल तर ३५२६६.

डायलिसिसच्या फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांच्यात केलेल्या जोडणीचा, फुगवटा हा माझ्या स्वतःच्या चुकीचा विषय आहे. नवीन असताना मी 'दंडातील ॲन्युरिझमची दुरुस्ती' हे शीर्षक वाचून ३५०११ लावला होता. ऑडिटमध्ये चार्ट परत आला, कारण दुसऱ्याच परिच्छेदात फुगवटा ब्रेकियल धमनीचा नसून फिस्टुलाच्या शिरेचा असल्याचे लिहिलेले होते. तेथे फिस्टुलाच्या फेरदुरुस्तीचा ३६८३२ लागायला हवा होता, आणि गुठळीही काढली असती तर ३६८३३. मात्र फिस्टुला बंद केल्यानंतर काही वर्षांनी ब्रेकियल धमनीच मोठी होऊन तिचा खरा ॲन्युरिझम झालेलाही आढळतो, आणि त्याला ३५०११ च योग्य असतो. म्हणून 'डायलिसिस' हा शब्द दिसला की फुगलेली नळी नेमकी कोणती, हे मजकुरात बोट ठेवून वाचावे.

चौथी पायरी: निदानाचा कोड

आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या अमेरिकी संहितेत हाताच्या धमनीच्या ॲन्युरिझमला आय७२.१ आहे. या कोडच्या मर्यादा समजून घेणे महत्त्वाचे आहे. आय७२ या वर्गाखाली खोटा आणि फुटलेला असे दोन्ही प्रकार सामावलेले आहेत, आणि डावा-उजवा हा भेदही त्यात नाही. म्हणजे फुगवटा फुटला होता ही माहिती क्लेमवर, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेल्या बिलावर, फक्त सीपीटी कोड देतो आणि बाजू फक्त आरटी (उजवी) किंवा एलटी (डावी) हा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची खूण, देतो. या दोन ठिकाणी चूक झाली तर ती उघडी पाडणारा दुसरा कोड क्लेमवर नसतो. सबक्लेव्हियन धमनीचा फुगवटा आय७२.१ मध्ये येत नाही, तो आय७२.८ मध्ये जातो.

कारण जखम असेल तर अनुक्रमणिका रक्तवाहिनीच्या इजेच्या कोडांकडे पाठवते. ॲक्झिलरीसाठी एस४५.०, ब्रेकियलसाठी एस४५.१, अल्नरसाठी एस५५.० आणि रेडियलसाठी एस५५.१ ही कुळे आहेत. यांत बाजू आणि सातवे अक्षर दोन्ही द्यावे लागतात. सातवे अक्षर 'ए' म्हणजे पहिली भेट असा अर्थ अनेकजण घेतात, प्रत्यक्षात तो सक्रिय उपचार चालू असल्याचा निर्देश आहे. त्यामुळे जखमेनंतर तीन आठवड्यांनी केलेल्या शस्त्रक्रियेलाही 'ए'च लागते.

कॅथेटरमुळे झालेल्या स्यूडोॲन्युरिझमला टी८१.७१८ए आणि सोबत आय७२.१ लावतात. पण गुंतागुंतीचा कोड लावण्याआधी फुगवटा त्या प्रक्रियेमुळेच झाला असे डॉक्टरांनी लिहिलेले असले पाहिजे, असे अधिकृत मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रक्रिया आधी आणि फुगवटा नंतर, एवढ्या क्रमावरून कोडरने कार्यकारणभाव जोडू नये. फुगवट्यातून गुठळी बोटांत गेली असेल तर आय७४.२ हेही लक्षात ठेवावे.

पाचवी पायरी: रुग्णालयाचा कोड

रुग्ण दाखल असेल तर रुग्णालय शस्त्रक्रियेसाठी सीपीटी वापरत नाही. तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-पीसीएस ही प्रक्रियांची संहिता लागू आहे. सात अक्षरांचा हा कोड तयार सापडत नाही, तो तक्त्यातून जुळवावा लागतो, आणि सीपीटीच्या उलट येथे दुरुस्तीच्या पद्धतीनुसार कोड बदलतो. उजव्या ब्रेकियल धमनीचा फुगलेला भाग काढून शिरेचा ग्राफ्ट बसवला असेल तर 'रिप्लेसमेंट' धरून ०३आर७०७झेड होतो: ०३ म्हणजे वरच्या अंगातील धमन्या, आर म्हणजे बदलून बसवणे, ७ म्हणजे उजवी ब्रेकियल, ० म्हणजे खुला छेद, त्यापुढचा ७ म्हणजे रुग्णाच्याच शरीरातली ऊती. केवळ ठिगळ लावले असेल तर तिसऱ्या जागी यू येतो, आणि नुसते टाके घातले असतील तर क्यू. चौथ्या जागी डावी ब्रेकियल ८ आहे, अल्नर उजवी ९ आणि डावी ए, रेडियल उजवी बी आणि डावी सी. पीसीएसमध्ये आय आणि ओ ही अक्षरे वापरलेलीच नाहीत, त्यामुळे गोल चिन्ह दिसले की ते शून्यच असते.

येथे आणखी एक फरक आहे. पायातून वेगळ्या छेदाने शीर काढली असेल तर पीसीएसच्या बी३.९ या नियमानुसार तिचा स्वतंत्र कोड द्यावा लागतो. उजवी सॅफेनस शीर खुल्या छेदातून काढली असेल तर तो ०६बीपी०झेडझेड होतो.

एक नोंद वाचून पाहू

सरावासाठी एक छोटी नोंद घेऊ. शीर्षक: 'डाव्या हाताच्या स्यूडोॲन्युरिझमची दुरुस्ती, सॅफेनस ग्राफ्टसह.' मजकूर: 'कोपराच्या वर दंडाच्या आतल्या बाजूने छेद घेतला. ब्रेकियल धमनीवर वरून आणि खालून ताबा मिळवला. मीडियन नर्व्ह फुगवट्यावर ताणलेली होती, ती मोकळी केली. फुगवटा उघडून आतली गुठळी काढली. तो फुटलेला नव्हता. दोन सेंटिमीटर धमनी खराब असल्याने कापून काढली आणि डाव्या मांडीतून घेतलेली शीर उलटी करून बसवली. अँजिओग्राममध्ये दोन्ही फाटे भरताना दिसले.' निदानात मागील महिन्यातल्या कॅथेटरायझेशनमुळे हा फुगवटा झाल्याचे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले आहे.

शीर्षकातल्या 'हाताच्या' या शब्दावरून धमनी कळत नाही. मजकुरातून ती ब्रेकियल असल्याचे आणि छेद दंडावर असल्याचे समजते. फुटलेला नसल्याचे स्पष्ट आहे. म्हणून शल्यचिकित्सकासाठी ३५०११-एलटी. गुठळी त्याच फुगवट्यातली आहे आणि अँजिओग्राम शल्यचिकित्सकानेच केलेला आहे, त्यामुळे त्यांचे वेगळे कोड नाहीत. नर्व्ह मोकळी करणे हा तिथवर पोहोचण्याचाच भाग आहे. ग्राफ्ट वर्णनातच समाविष्ट आहे. निदान टी८१.७१८ए आणि आय७२.१. रुग्ण दाखल असेल तर रुग्णालयासाठी ०३आर८०७झेड आणि डाव्या सॅफेनस शिरेसाठी ०६बीक्यू०झेडझेड.

शेवटची पायरी: मॉडिफायर आणि नव्वद दिवस

या दुरुस्तीच्या तिन्ही मुख्य कोडांना ९० दिवसांचा ग्लोबल कालावधी आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या नेहमीच्या तपासण्यांचे बिल त्या काळात वेगळे होत नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय ज्या भेटीत झाला ती भेट त्याच दिवशीची किंवा आदल्या दिवशीची असेल, तर तिला ५७ मॉडिफायर लावावा. तो विसरला की त्या भेटीचे पैसे हमखास नाकारले जातात. ग्राफ्टमध्ये गुठळी झाल्याने रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले तर ७८, संबंध नसलेली दुसरी शस्त्रक्रिया झाली तर ७९, आणि आधीच ठरवलेला पुढचा टप्पा असेल तर ५८. जुन्या व्रणांमुळे काम खरोखरच असाधारण कठीण झाले असेल तर २२ चा विचार करता येतो, पण त्यासाठी नोंदीत जास्तीचा वेळ आणि त्याचे कारण लिहिलेले हवे. 'अवघड शस्त्रक्रिया' या दोन शब्दांवर तो मंजूर होत नाही.

क्लेम पाठवण्याआधी त्या तिमाहीचे एनसीसीआय एडिट, म्हणजे कोणते कोड एकत्र बिल करता येत नाहीत याच्या मेडिकेअरच्या याद्या, तपासावेत. एकमेकांत बांधलेले दोन कोड दिसले तर ५९ किंवा एक्सएस हे वेगळे काम दाखवणारे मॉडिफायर लावण्याआधी दुसरा छेद किंवा दुसरी धमनी नोंदीत खरोखर आहे का, ते पाहावे. मनगटाशी वेगळा छेद घेऊन तळहाताकडच्या फाट्यांतली गुठळी काढली असेल, तर ३४१११ (रेडियल किंवा अल्नर धमनीतली गुठळी काढण्याचा कोड) चा विचार करताना प्रवाह प्रस्थापित करण्याची वर सांगितलेली सूचना समोर ठेवून वरिष्ठांचे मत घ्यावे. त्या छेदाचे वर्णन करणारे नोंदीतले वाक्य क्लेमच्या टिपणात तारखेसह उतरवून ठेवले, तर ऑडिटच्या वेळी चार्ट पुन्हा उपसावा लागत नाही.